पाटकऱ्याची विडी

विडी सोडायला मला पुष्कळ लोकांनी प्रोत्साहन दिलं. त्यांतल्या एकालाही मी अजून माफ केलेलं नाही.

मी पाटकरी होतो. कालव्याला फुटलेल्या चारीवर शेतकऱ्यांच्या रानात पाणी सोडायची लोखंडी दारं उघडायची, बंद करायची, कुणाला किती तास पाणी ते वहीत लिहायचं आणि दिवसभर चारीच्या कडेनं चालायचं, एवढीच नोकरी. नव्वद सालाच्या थोडं आधी मला सणसरकडून निरवांगीच्या अंगाला जाणाऱ्या एका चारीवर नेमलं. कमरेला कुलपांच्या किल्ल्या, काखेत वही, पायात टायरच्या चपला. खात्याच्या लेखी मी सगळ्यात खालचा माणूस होतो. पण कालव्याला पाणी सुटून पाळी सुरू झाली की चारीवर माझ्यापेक्षा मोठा साहेब कुणी नसायचा. पाळी संपली की हेच लोक मला इंदापूरच्या बाजारात ओळखही द्यायचे नाहीत.

पाटकरी आला की त्याला विडी द्यायची, ही आमच्याकडची रीत. मी दाराशी पोचायच्या आत शेतकरी बांधावरून उतरायचा, बंडलातून एक विडी अर्धी वर काढून पुढं धरायचा आणि काडीही स्वतःच ओढायचा. वारा असला तर दोन्ही हातांचा आडोसा करायचा. मग घरच्यांची चौकशी व्हायची. चौकशी संपली की हळूच, "राव, तेवढं तासभर वाढवा की. कडंचा वाफा कोरडाच ऱ्हातुय." विडी संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात त्याचा तास वाढलेला असायचा. याला लाच म्हणावं तर म्हणणाऱ्यालाच लाज वाटेल, एवढीशी ती गोष्ट. आणि नको म्हणावं तर समोरचा रुसणार. म्हणून मी ओढायचो. दिवसाला बंडल सहज व्हायचं आणि त्यातली एकही विडी मी विकत घेतलेली नसायची. याचा मला तेव्हा अभिमान होता. आज ते आठवलं की स्वतःला चपलेनं मारावंसं वाटतं.

चारीच्या तोंडाशी मोठे बागायतदार होते. ऊस, द्राक्षं, टोमॅटो, वांगी. त्यांच्याकडं विडीच्या जोडीला फिल्टरची सिगारेट असायची. जसजसं खाली जावं तसतशी विडी स्वस्त व्हायची आणि पाण्याची धार बारीक. अगदी शेवटाला, ज्याला सगळे टेल म्हणायचे, तिथं चार-दोन धनगरांची रानं होती. मेंढरं मोडून शेती करायला लागलेली माणसं. नियमाप्रमाणं पाणी आधी टेलला द्यायचं आणि मग वर वर यायचं. तो नियम खात्याच्या शाखा कचेरीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला होता. आमच्या चारीवर मात्र पाणी वरूनच सुरू व्हायचं, आणि टेलपर्यंत पोचेस्तोवर बहुतेक वेळा पाळीच बंद व्हायची.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी माझ्या उजव्या पायाचं करंगळीशेजारचं बोट दुखायला लागलं. दोन-तीन फर्लांग चाललं की पोटरीत गोळा यायचा, थांबलं की जायचा. बोट थंडगार पडायचं आणि निळसर दिसायचं. गावातल्या प्रत्येकाला त्याचं कारण माहीत होतं. एक म्हणाला काटा मोडलाय, दुसरा म्हणाला कुरूप आहे, तिसऱ्यानं बिब्बा लावायला सांगितला आणि मी तो लावलाही. बोट आणखी चिघळलं. शेवटी बायकोनं एसटीत घालून बारामतीला नेलं.

बारामतीच्या डॉक्टरनं माझं पाऊल हातात घेतलं. घोट्यापाशी दोन बोटं ठेवून त्यानं नाडी शोधली, मग घोट्याच्या पलीकडच्या बाजूला शोधली.

"इथं ठोका लागायला पाहिजे. लागत नाही," तो म्हणाला. "विड्या किती?"

"पुढं करतील तेवढ्या," मी म्हणालो.

तो हसला नाही. म्हणाला, "पायाच्या शिरा बंद होत चालल्यात. विडी आजच्या आज सोडलीत तर पाय राहील. नाही सोडलीत तर आधी बोट जाईल, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. कमी करतो म्हणू नका. या रोगाला एक विडी आणि एक बंडल सारखंच."

बाहेर बाकावर कऱ्हाटीकडचा एक माणूस बसला होता. वय माझ्याएवढंच, पस्तिशीच्या आतबाहेर. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता आणि डाव्या पावलाला फडकं गुंडाळलेलं. मी शेजारी टेकलो तसा तो वाकून कानाशी म्हणाला, "पावनं, काडी हाय का?" त्याच्या मुठीत विडी होती. मला त्याची किळस आली. खिशातली काडेपेटी मी त्याला दिली, आणि तो पेटवायला बाहेर कुबडीवर उड्या मारत गेला तेव्हा माझ्या लक्षात आलं, की काडेपेटी परत कधी देतोय याचीच मी वाट बघत होतो.

पाय गेला तर नोकरी गेली, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. बसून करायचं कुठलंच काम मला येत नव्हतं.

बातमी चारीभर पसरली आणि हितचिंतकांची रीघ लागली. आमच्या साहेबांनी मला शाखेत बोलावून समोर बसवलं आणि सिगारेटची राख चहाच्या बशीत झाडत इच्छाशक्तीवर अर्धा तास ऐकवलं. शाळेतले गुरुजी आले. डाव्या तळहातावर तंबाखू मळत त्यांनी व्यसनानं घराची राखरांगोळी कशी होते ते सांगितलं, मग तंबाखू ओठाखाली दाबून पुढचं नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितलं. मेहुण्यानं बडीशेपेचा डबा आणून दिला, विडीची आठवण झाली की चिमूटभर खायची म्हणून. मी पहिल्याच दिवशी अर्धा डबा संपवला आणि वर विडीही ओढली. प्रत्येकजण निघताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. त्या हातांचा मला एवढा वीट आला की कुणी जवळ आलं की मी खांदा आधीच खाली करायचो.

सगळ्यात पुढं होते ते बागायतदार. "राव, पाय जपा. इडी सोडाच तुमी," असं कळवळून म्हणायचे आणि बोलता बोलता सवयीनं बंडल पुढं करायचे. मी बघत राहिलो की म्हणायचे, "आजची घ्या. सोडायची तर उद्यापासनं सोडा. आसं एकदम न्हाय तोडायचं." त्यांची अडचण मला कळत होती. जो पाटकरी विडी घेत नाही त्याच्याकडं तासभर वाढवून कसा मागायचा? माझा पाय राहावा असं त्यांना खरोखर वाटत होतं, पण त्या पायानं मी त्यांच्याच दाराशी थांबावं असंही वाटत होतं. मी तीनदा सोडली आणि तीनदा धरली. तिन्ही वेळा धरायला लावणारा मला सोडायला सांगून गेलेला होता.

आणि मग माझा सत्कार झाला.

आमच्या भागात सत्काराला कारण लागत नाही. कुणाची बदली झाली, कुणाची बदली रद्द झाली, कुणी बैल आणला, कुणी सोसायटीच्या निवडणुकीत पडला, की शाल, नारळ, फेटा. चौथ्यांदा विडी सोडून मला सहा दिवस झाले होते. बागायतदारांनी बैठक घेतली आणि पाटकऱ्याला प्रोत्साहन म्हणून सत्कार करायचा ठरवला. काम व्हायच्या आधी माणसाला हार घालायचा आणि मग काम झालं असं समजून घरी जायचं, ही चूक आमच्याच लोकांना सुचते. देवळापुढं मांडव, कर्णा, कापडी फलक. फलकावर माझं नाव चुकीचं रंगवलेलं. प्रमुख पाहुणे म्हणून तालुक्यातले एक पुढारी आले होते. त्यांच्या गालात मावा होता, त्यामुळं दर चार वाक्यांनी ते माईक हातानं झाकून मांडवाच्या मागं पिंक टाकून यायचे आणि निर्व्यसनी समाजाचा धागा तिथून पुढं धरायचे. लोक टाळ्या वाजवत होते. मला "आदर्श" म्हणाले. त्या दिवशी दुपारीच मी चारीवरच्या मोरीच्या आडोशाला बसून दोन ओढल्या होत्या, आणि मांडवातल्या निदान दोघांना ते ठाऊक होतं, कारण विड्या त्यांच्याच होत्या.

सत्कार उरकल्यावर चहा झाला. सगळ्यात मोठ्या बागायतदारानं मला बाजूला घेतलं आणि सिगारेटचं पाकीट उघडलं. "आज आनंदाचा दिस हाय, राव. आज एक चालतीया." मी अंगावरची शाल सावरली आणि घेतली. फेटा जळू नये म्हणून काडी लांब धरून पेटवली. दुसऱ्या दिवशी त्याच्या द्राक्षाला चार तास जास्त पाणी गेलं.

घरी बायकोनं मला नखशिखांत बघितलं, जवळ येऊन वास घेतला आणि ती आत निघून गेली. सकाळी गोठ्यात गेलो तर सत्काराची शाल रेडकाच्या पाठीवर घातलेली होती. थंडीचे दिवस होते. "त्येला उपेग तरी हुईल," एवढंच ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

महिन्याभरात बोट काळं पडलं. बारामतीला ते काढून टाकलं. टाके काढताना डॉक्टर माझ्याकडं न बघताच म्हणाला, "या पायाला अजून चार आहेत." बायको दारात उभी होती. तिनं ऐकलं आणि तोंड फिरवून ती पदरानं डोळे पुसायला लागली. एवढी वर्षं तिला कधी रडताना मी पाहिलं नव्हतं. मी घाबरलो. एवढा घाबरलो, की गाडीत बसल्या बसल्या विडीची आठवण झाली.

जानेवारीतल्या पाळीला मी कामावर गेलो. पहाटेचं धुकं नुकतंच उठलं होतं. पहिल्या दाराशी टेलचा म्हातारा उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मेंढरं विकून त्याला पंधरा-वीस वर्षं झाली असतील, पण उभं राहायची तऱ्हा अजून कळपामागं राहिल्यासारखीच होती. सगळे त्याला आबा म्हणायचे. या चारीवर आल्यापासून त्यानं मला एकदाही विडी दिली नव्हती. द्यायचा त्या फक्त शिव्या.

"आजपासनं तुज्या संगं चालनार," तो म्हणाला.

"आबा, तुमी बी सत्कार करायला आला काय?"

"तुजा सत्कार? थुकतो मी." आणि तो खरंच थुंकला. "तुज्या पायाचं मला काय न्हाय. मला पान्याचं हाय. गहू पोटऱ्यात आलाय, लोंबी भायेर पडायची हाय. हे तुला इड्या पाजत्यात आन् माजं पानी पित्यात. तुला इडी न्हाय मिळाली तर तू थांबनार न्हाईस. तू न्हाय थांबलास तर पानी खाली येतुय."

मला राग आला. "आन् मी मेलो म्हंजी?"

"मेलास तर दुसरा पाटकरी येतुय. त्यो बी ह्यांच्याच इड्या फुकनार. तुला निदान पाय जायाचं भ्या तरी हाय. म्हनून तू बरा. चल."

इतक्या दिवसांत माझ्याशी खरं बोललेला तो पहिलाच माणूस. मला तो मुळीच आवडला नाही, तरी मी चाललो.

मेंढरं उभ्या पिकाशेजारून न्यायची असली की धनगर पिकाच्या बाजूनं चालतो, म्हणजे तोंड घालायला वावच राहत नाही. आबा तसाच चालायचा. रानं उजवीकडं असली की माझ्या उजवीकडं, डावीकडं आली की चारी ओलांडून डावीकडं. बांधावरून विडीवाला हात पुढं आला की तो आबाच्याच हातात पडायचा. "द्या, मी देतो त्येला," असं म्हणून तो ती घोंगड्याच्या टोकाला मारलेल्या गाठीत कोंबायचा आणि मला काठीनं पुढं हाकलायचा. बागायतदार हसायचे, मग रागवायचे. सत्काराच्या दिवशी ज्यानं मला सिगारेट दिली होती तो मोठा बागायतदार म्हणाला, "आबा, तुमी का मधी पडताय? आमाला बी पाटकऱ्याची काळजी हाय." आबा म्हणाला, "तर मग दार लाव. तुजं तास झालं." त्याचा तास खरंच झालेला होता. मी खाली वाकलो, दार टाकलं आणि कुलूप लावलं. त्या बागायतदाराच्या दाराला ठरल्या वेळी कुलूप लावायची ती माझी पहिलीच खेप.

तिसऱ्या दिवशी मी चारीच्या भरावावर बसलो आणि उठेना. तोंडाला पाणी सुटलेलं, डोकं फुटतंय असं वाटत होतं. मी आबाला आईवरून शिवी दिली. मग हात जोडले. म्हणालो, एक द्या, गाठीतली एकच. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत दया बिलकूल नव्हती.

"रड," तो म्हणाला. "रडायचं तर रड. पर चालत रड. पानी थांबलंय."

मी चालत रडलो. चार बोटांच्या पायानं, वही काखेत धरून, भर दुपारी. वांगी तोडणाऱ्या बाया काम थांबवून बघत होत्या. आदर्श पाटकरी चालला होता. त्या क्षणी मला आबाचा जेवढा द्वेष वाटला तेवढा कुणाचाही कधी वाटला नाही. पण प्रोत्साहन देणाऱ्यांपैकी एकजणही माझ्याबरोबर अर्धा फर्लांग चालला नव्हता, हेही मला तेव्हाच दिसलं.

सोळाव्या दिवशी पाणी टेलला पोचलं. पाळी बंद व्हायला अजून वेळ होता. चारीत पाणी आधी काटक्या, पाचट आणि फेस घेऊन आलं, मग स्वच्छ झालं. मी आबाचं दार उचललं आणि ते त्याच्या गव्हात शिरलं. मला वाटलं म्हातारा काहीतरी बोलेल. तो बांधावर बसला, घोंगड्याची गाठ सोडली आणि सगळ्या विड्या माझ्यापुढं ओतल्या.

"घे. समद्या तुज्याच हायत. माजं पानी आलं. आता फुक, न्हायतर नगं फुकू."

आणि तो खोरं घेऊन पाणी वळवायला गेला. मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

मी त्या ढिगाकडं बघत बसलो. चुरगळलेल्या, घोंगड्याचे केस चिकटलेल्या विड्या. दोऱ्याच्या रंगावरून कुठली कुणाची ते मला ओळखू येत होतं. ही ऊसवाल्याची, ही टोमॅटोवाल्याची. फिल्टरची सिगारेट कुणाची ते तर सांगायलाच नको. म्हाताऱ्याच्या गव्हाचं पाणी मी एवढ्यावर विकत आलो होतो आणि वर बोट फुकट दिलं होतं. मला लोकांची घाण वाटली, पण त्यापेक्षा जास्त स्वतःची वाटली. तरीही हात पुढं गेला, हे लपवत नाही. बोटं एका विडीला लागलीही. आबानं ओरडून अडवलं असतं तर मी ती नक्की घेतली असती, त्याला दाखवायला म्हणून. पण तो पाठमोराच होता, ढेकळं फोडत.

मी उठलो आणि पायानं तो ढीग दारात लोटून दिला. विड्या तरंगत गव्हात गेल्या.

"आरं ए!" आबा खोरं उगारून धावत आला. "माज्या गव्हात कशाला घान घालतुस, भाड्या?" आणि कंबरेत वाकून एकेक वेचायला लागला. मलाही वेचायला लावल्या. वेचलेल्या सगळ्या त्यानं बांधापलीकडं खड्डा करून पुरल्या आणि वर धोंडा ठेवला.

पुढच्या पाळीला मी पहिल्या दाराशी बराच वेळ थांबलो. आबा आला नाही. ऊन वर आलं तरी नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय म्हणून राग आला. एवढ्यात तोच मोठा बागायतदार बांधावरून उतरला. "आज म्हातारा न्हाय वाटतं," तो हसून म्हणाला आणि त्यानं बंडल पुढं केलं. मी चारीत उतरलो, गुडघाभर पाण्यातून पलीकडं गेलो आणि ज्या बाजूला रानं नव्हती त्या भरावानं चालायला लागलो. तो अलीकडच्या काठानं थोडा वेळ बरोबर आला, हात लांबवून. मग थांबला. दिवसभर मी तसाच चाललो, आणि पाळी संपेपर्यंत रोज. दार उघडायला आणि लावायला तेवढा पाण्यातून अलीकडं यायचो आणि लगेच परतायचो. बोटाच्या जागी पाणी झोंबायचं.

पाणी पुन्हा टेलला पोचलं. आबा बांधावर खोरं घेऊन उभा होता, गहू पिवळा पडायला आला होता. मी दाराशी गेलो. तो खाली उतरला, माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं आणि मेंढराला हुंगावं तसं दोनदा हुंगलं.

"उचल दार," तो म्हणाला.